रिकाम्या मैदानाची भीती

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीन वाजता सुरू होणारा फुटबॉलचा सामना त्याच देशातल्या टीव्हीवर थेट दिसत नाही. पावणेतीन ते सव्वापाच या अडीच तासांत कोणत्याही वाहिनीने थेट प्रक्षेपण करायचं नाही, असा नियम तिथे १९६० च्या दशकापासून चालत आला आहे. त्या वेळी भारतात, ऋतूप्रमाणे, संध्याकाळचे साडेसात किंवा रात्रीचे साडेआठ झालेले असतात आणि मडगावात किंवा मुंबईत बसलेला माणूस वर्गणी भरून तोच सामना निवांत पाहतो. मँचेस्टरमध्ये मैदानापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्याला मात्र तो सरळ मार्गाने पाहता येत नाही. त्याने रेडिओ लावावा, नाहीतर रात्री बीबीसीवर निवडक क्षण पाहावेत.

या नियमाच्या मुळाशी एक भीती होती. सामना घरबसल्या दिसू लागला तर मैदानं ओस पडतील, असं क्लबांच्या मालकांना वाटत होतं. आजची स्थिती अगदी उलटी आहे. प्रीमियर लीगच्या सामन्याला सरासरी चाळीस हजारांच्या आसपास माणसं येतात, बहुतेक मैदानांत जागा उरत नाही, मोठ्या क्लबांच्या हंगामी तिकिटासाठी लोक वर्षानुवर्षं यादीत नाव घालून थांबतात. गळती लागली आहे ती टीव्हीला. २०१६-१७ च्या हंगामात स्काय स्पोर्ट्सवर प्रीमियर लीगचे थेट सामने पाहणाऱ्यांची संख्या आदल्या हंगामापेक्षा १४ टक्क्यांनी घटली. मधल्या काळात आकडे सावरले, करोनात तर उसळले. पण २०२४-२५ मध्ये ते पुन्हा घसरले.

या घसरणीची कारणं सांगणारे बरेच आहेत. तरुणांचं लक्ष नव्वद मिनिटं टिकत नाही, व्हिडिओवरून निर्णय तपासणाऱ्या व्हीएआरमुळे गोलाचा आनंदही पंचांच्या परवानगीची वाट पाहतो, सामने फार झालेत. या प्रत्येकात तथ्य आहे. पण मला मूळ कारण बरंच जुनं वाटतं, टीव्हीपेक्षाही जुनं. इंग्लिश फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी घरी बसून सामना पाहणाऱ्याला आपल्या कुटुंबातला कधी धरलंच नाही. पहिली साठ वर्षं तो त्यांच्या लेखी गल्ल्यातून पैसे पळवणारा होता आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं महिन्याची वर्गणी भरणारा खातेदार. आज तो पाठ फिरवतो आहे, त्याचा हिशेब या इतिहासातच सापडतो.

सुरुवात रेडिओपासून झाली. २२ जानेवारी १९२७ ला लंडनच्या हायबरी मैदानावरून आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड या सामन्याचं समालोचन बीबीसीने ऐकवलं. इंग्लंडच्या साखळी फुटबॉलचं हे पहिलंच थेट समालोचन. माईकवर टेडी वेकलम हा जुना रग्बी खेळाडू होता. ऐकणाऱ्याला मैदान डोळ्यांसमोर उभं करता यावं म्हणून 'रेडिओ टाइम्स'ने मैदानाचा चौकोन आखलेला नकाशा छापला होता आणि चेंडू कोणत्या चौकोनात आहे ते दुसरा निवेदक सांगत होता. लोकांना हे फार आवडलं, आणि तिथेच क्लबांच्या पोटात गोळा आला. १९३१ मध्ये फुटबॉल लीगने साखळी सामन्यांच्या समालोचनावर बंदीच घातली.

ही भीती निव्वळ हेकेखोरपणा नव्हती, हे मान्य करायला हवं. त्या काळात क्लबाचं उत्पन्न म्हणजे प्रवेशद्वारावरच्या फिरत्या दांड्यातून आत येणाऱ्या माणसाने दिलेली नाणी. जाहिरातीचे पैसे नगण्य, अंगावरच्या जर्सीवर कुणाचं नाव नाही. तिकिटांच्या गल्ल्यातला वाटा पाहुण्या संघालाही मिळायचा, म्हणून मोठ्या शहरातल्या गर्दीवर छोट्या गावचा क्लबही तगून होता. ही वाटणी १९८३ पर्यंत चालली. पाऊस पडला, माणसं आली नाहीत, तर त्या आठवड्याचे पगार कुठून द्यायचे हा खरा प्रश्न असे. आणि छोट्या क्लबांचा युक्तिवाद तर आजही सहज झटकून टाकता येत नाही. मँचेस्टर युनायटेडचा सामना टीव्हीवर दिसला म्हणून मँचेस्टर युनायटेडचं मैदान रिकामं पडत नाही. शेजारच्या रॉचडेल किंवा बरीचं मैदान रिकामं पडतं, कारण तिथे जाणारा माणूस भर थंडीत बाहेर पडण्याऐवजी शेकोटीपाशी बसून मोठ्या संघाचा खेळ पाहतो.

टीव्ही आला तेव्हा तो कुणाला घाबरवण्याइतका मोठा नव्हता. १६ सप्टेंबर १९३७ ला बीबीसीने हायबरीवरच आर्सेनलचा मुख्य संघ आणि राखीव संघ यांच्यातला खेळ काही मिनिटं प्रयोग म्हणून दाखवला. पुढच्या वर्षी, ३० एप्रिल १९३८ ला, एफए चषकाचा अंतिम सामना पूर्ण दाखवला गेला: प्रेस्टन विरुद्ध हडर्सफील्ड. जादा वेळही संपत आला तरी गोल नव्हता, तेव्हा समालोचक टॉमस वुड्रूफ यांनी आता गोल झाला तर टोपी खाईन असं जाहीर केलं, आणि लगेच प्रेस्टनला पेनल्टी मिळाली. जॉर्ज मच यांनी गोल केला. वुड्रूफ यांनी पुढे टोपीच्या आकाराचा केक खाऊन शब्द पाळला. त्या दिवशी वेम्बलीत नव्वद हजारांवर माणसं होती आणि टीव्हीसमोर जेमतेम दहा हजार.

हे प्रमाण उलटं झालं १९५३ मध्ये. त्या वर्षी २ जूनला राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक होता आणि तो पाहायला म्हणून हजारो घरांत टीव्ही आला होता. त्याआधी एक महिना, २ मे रोजी, ब्लॅकपूल आणि बोल्टन यांच्यात एफए चषकाचा अंतिम सामना झाला. ब्लॅकपूल १-३ असा मागे होता. अडतीस वर्षांच्या स्टॅन्ली मॅथ्यूजने उजव्या बाजूने बोल्टनची बचावफळी उसवली आणि ब्लॅकपूलने सामना ४-३ असा जिंकला. सुमारे एक कोटी लोकांनी तो टीव्हीवर पाहिला. मैदानावर कधीही न गेलेल्या बायका, आजारी माणसं, दूर खेड्यातली मुलं यांना त्या दुपारी फुटबॉल म्हणजे काय ते कळलं. माझ्या मते इंग्लिश फुटबॉलच्या आजच्या लोकप्रियतेची खरी पायाभरणी त्या दुपारी झाली.

क्लबांनी मात्र त्यातून वेगळाच अर्थ काढला. दुसऱ्या महायुद्धानंतर मैदानांवर विलक्षण गर्दी झाली होती. १९४८-४९ च्या हंगामात फुटबॉल लीगच्या सामन्यांना मिळून ४ कोटी १२ लाखांहून जास्त हजेरी लागली. त्यानंतर हा आकडा उतरत गेला. त्याची कारणं उघड होती: लोकांकडे मोटारी आल्या, शनिवारी कामाला सुट्टी मिळू लागली, घरं उबदार झाली, आणि मैदानं होती तशीच राहिली, उघड्या पायऱ्या आणि घाणेरडी शौचालयं. पण दोष द्यायला टीव्ही सोयीचा होता.

१९६० मध्ये आयटीव्हीने दीड लाख पौंड देऊन हंगामात २६ सामने थेट दाखवायचा करार केला. १० सप्टेंबर १९६० च्या शनिवारी संध्याकाळी ब्लॅकपूल–बोल्टन हा पहिला सामना दाखवला गेला. ज्याच्यासाठी लोक टीव्हीपुढे बसले होते तो मॅथ्यूज दुखापतीमुळे खेळलाच नाही. कॅमेऱ्याची जागा चुकली होती, स्टँडमध्ये रिकाम्या पायऱ्या दिसत होत्या आणि सामना बोल्टनने १-० असा कसाबसा जिंकला. आर्सेनल आणि टॉटनहॅम यांनी आपल्या सामन्यांत कॅमेरे येऊ द्यायला नकार दिला आणि करार तिथेच बारगळला. त्यानंतर साखळी सामना थेट दिसायला इंग्लंडला २३ वर्षं थांबावं लागलं.

याच काळात बॉब लॉर्ड यांचं नाव पुढे आलं. ते बर्नलीचे खाटीक, गावच्या क्लबाचे अध्यक्ष, आणि टीव्हीचे कट्टर विरोधक. बर्नली हे कापडगिरण्यांचं छोटं गाव, पण १९६० मध्ये त्यांच्या संघाने साखळी विजेतेपद मिळवलं होतं. एवढ्या लहान वस्तीच्या बळावर मोठ्या शहरांशी टक्कर द्यायची तर दर शनिवारी तिकीट खिडकी वाजलीच पाहिजे, हे लॉर्ड यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी बीबीसीच्या कॅमेऱ्यांना वर्षानुवर्षं आपल्या मैदानात पाऊल टाकू दिलं नाही. शनिवार दुपारच्या बंदीचे जनक म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. लॉर्ड यांच्याविषयी आज थट्टेने बोलतात, पण एका गावाचा क्लब जगवण्याची त्यांची तळमळ खरी होती. चूक इतकीच की घरी बसलेला माणूसही त्याच गावाचा असू शकतो, हे त्यांनी विचारात घेतलं नाही.

२२ ऑगस्ट १९६४ ला बीबीसी टूवर 'मॅच ऑफ द डे' सुरू झालं. पहिला सामना लिव्हरपूल–आर्सेनल, निकाल ३-२, समालोचक केनेथ वोलस्टनहोम. पाहणारे अंदाजे वीस हजार, म्हणजे त्या दिवशी ॲनफील्डवर जितकी माणसं होती त्यांच्या निम्मीही नाहीत. अटी कडक होत्या: फक्त निवडक भाग, तोही संध्याकाळी, आणि कोणता सामना दाखवणार ते आधी जाहीर करायचं नाही. तरीही दोन वर्षांनी, १९६६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ब्रिटनमध्ये ३ कोटी २० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. शनिवारी रात्री जेवणं उरकून सगळ्या घराने 'मॅच ऑफ द डे' पाहणं ही इंग्लंडमधल्या दोन-तीन पिढ्यांची रीत झाली. मुलं बापाच्या शेजारी बसून खेळाडूंची नावं शिकली ती याच कार्यक्रमातून, आणि मोठी झाल्यावर त्यांतलीच मैदानावर गेली.

१९८३ मध्ये थेट प्रक्षेपणावरची बंदी थोडी सैल झाली. बीबीसी आणि आयटीव्ही यांनी मिळून ५२ लाख पौंडांत दोन वर्षांचा करार केला आणि २ ऑक्टोबरच्या रविवारी टॉटनहॅम–नॉटिंगहॅम फॉरेस्ट सामना आयटीव्हीवर थेट दिसला.

मला या सगळ्या मागोव्यात १९८५ चं साल सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी मालकांच्या सिद्धान्ताची प्रत्यक्ष परीक्षा झाली. वाहिन्यांनी चार वर्षांसाठी १ कोटी ९० लाख पौंड देऊ केले, क्लबांनी ते कमी म्हणून नाकारले आणि ऑगस्टपासून वर्ष संपेपर्यंत इंग्लंडच्या टीव्हीवर साखळी फुटबॉलचं चित्रच उमटलं नाही. थेट सामने नाहीत, निवडक क्षणही नाहीत. वेस्ट हॅमचा फ्रँक मॅकअव्हेनी त्या महिन्यांत गोलांमागून गोल करत होता आणि देशातल्या बहुसंख्य लोकांना तो दिसतो कसा हेही माहीत नव्हतं. टीव्हीमुळे मैदानं रिकामी होतात हे खरं असतं तर ती आता भरायला हवी होती. घडलं उलटंच. १९८५-८६ च्या हंगामातली एकूण हजेरी सुमारे १ कोटी ६५ लाख होती, युद्धानंतरच्या काळातली सर्वांत कमी. ब्रॅडफर्डच्या स्टँडला लागलेली आग, ब्रसेल्सच्या हेझलमधली चेंगराचेंगरी, मैदानांवरची गुंडगिरी ही कारणं त्यामागे होती हे खरं; तरीही टीव्हीवरचा जुना आरोप त्या हंगामात पुराव्याअभावी कोसळला. दिसत नाही तो खेळ लोकांच्या मनातूनही उतरतो, हा धडा तेव्हा मिळाला होता. तो कुणी घेतला नाही.

पुढच्या सात वर्षांत सगळं पालटलं. १९८८ मध्ये आयटीव्हीने चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाख पौंड मोजले. २६ मे १९८९ च्या शुक्रवारी रात्री ॲनफील्डवर लिव्हरपूलविरुद्ध आर्सेनलला दोन गोलांच्या फरकाने जिंकणं भाग होतं. भरपाईच्या वेळेत मायकेल थॉमसने दुसरा गोल केला आणि विजेतेपद लंडनला गेलं. एक कोटीहून जास्त लोकांनी ते दृश्य आपल्या दिवाणखान्यात, फुकट पाहिलं. साखळी सामन्याला एवढा प्रेक्षक पुढे मिळाला नाही. त्याआधी सहाच आठवडे, १५ एप्रिलला, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगरून लिव्हरपूलचे समर्थक मरण पावले होते. त्या दुर्घटनेतल्या मृतांची संख्या ९७ झाली. लॉर्ड टेलर यांच्या अहवालानंतर वरच्या दोन श्रेणींतली मैदानं पूर्णपणे आसनांची करावी लागली. ते आवश्यकच होतं. पण उभं राहून स्वस्तात सामना पाहणारा कामगार त्यानंतर वाढत्या तिकिटामुळे हळूहळू मैदानाबाहेर गेला. त्याच्यासाठी घरचा टीव्ही आणि कोपऱ्यावरचा पब एवढंच उरलं.

आणि तिथेही तिकीट लागलं. मे १९९२ मध्ये नव्या प्रीमियर लीगचे थेट हक्क रूपर्ट मरडॉक यांच्या स्काय कंपनीने घेतले. बीबीसीच्या निवडक क्षणांसह हा करार ३० कोटी ४० लाख पौंडांचा म्हणून गाजला. क्लबांचं मतदान १४ विरुद्ध ६ असं झालं. बाजूने मत देणाऱ्या टॉटनहॅमचे मालक ॲलन शुगर यांची ॲमस्ट्रॅड कंपनी स्कायसाठी डिश बनवत होती. स्काय तेव्हा तोट्यात होती आणि तिला घराघरांत शिरायला एक हत्यार हवं होतं. खेळाच्या धडकेने आपण वर्गणीच्या टीव्हीची दारं फोडतो, असं मरडॉक यांनी १९९६ मध्ये भागधारकांना उघडच सांगितलं. १६ ऑगस्ट १९९२ च्या रविवारी नॉटिंगहॅम फॉरेस्ट–लिव्हरपूल हा स्कायवरचा पहिला सामना झाला आणि टेडी शेरिंगहॅमच्या गोलाने फॉरेस्ट जिंकलं. सोमवारच्या सामन्यांना फटाके आणि नाचणाऱ्या मुली आल्या. हक्कांची किंमत १९९७ मध्ये चार वर्षांना ६७ कोटींवर गेली, २०१६ मध्ये तीन वर्षांना ५१३ कोटींवर.

हा पैसा वाया गेला असं कुणी म्हणणार नाही. मैदानं सुधारली, जगातले उत्तम खेळाडू आले, खेळ वेगवान झाला. स्कायचं चित्रण, विश्लेषण, कॅमेऱ्यांची मांडणी यांनी जगाला सामना कसा दाखवायचा ते शिकवलं. पण १९९२ मध्ये एक गोष्ट बदलली तिच्याकडे तेव्हा फारसं कुणी पाहिलं नाही. रिकाम्या मैदानाच्या भीतीने कॅमेऱ्याभोवती जे कुंपण घातलं होतं, ते मोडलं गेलं नाही. त्याला फाटक बसवून फाटकाची किल्ली विकायला काढली गेली. शनिवार दुपारची बंदीही तशीच राहिली, कारण आता तिचा आणखी एक उपयोग होता. मोजकेच सामने दाखवायचे म्हटलं की प्रत्येकाचा भाव चढतो.

किल्ली एकाच कंपनीकडे असू नये म्हणून युरोपीय आयोगाने आग्रह धरला आणि २००७ पासून काही सामने दुसऱ्या कंपनीला विकणं बंधनकारक झालं. हेतू ग्राहकाच्या भल्याचा होता. फळ असं मिळालं की ग्राहकाला दोन बिलं भरावी लागली. दुसरी कंपनी सेटांटा २००९ मध्ये बुडाली, मग ईएसपीएन आली, मग बीटी, मग ॲमेझॉन, मग बीटीची टीएनटी झाली. त्याआधी खालच्या श्रेणींचे हक्क साडेएकतीस कोटींना घेणारी आयटीव्ही डिजिटल २००२ मध्ये कोसळली आणि त्या पैशांच्या भरवशावर करार केलेले कितीतरी छोटे क्लब कर्जात बुडाले. २०१५ मध्ये चॅम्पियन्स लीग आयटीव्हीवरून पूर्णपणे बीटीच्या वर्गणीखाली गेली आणि आठवड्याच्या मध्यात रात्री सहज पाहणारा लाखोंचा वर्ग एका फटक्यात तुटला.

स्वतःच्या क्लबाचे सगळे सामने पाहावेत एवढीच इच्छा असलेल्या माणसाची अवस्था बघा. २०२४-२५ च्या हंगामात त्याला प्रीमियर लीगसाठी स्काय, टीएनटी आणि ॲमेझॉन अशा तिघांकडे जावं लागत होतं. संघ चॅम्पियन्स लीगमध्ये असेल तर पुन्हा टीएनटी आणि मंगळवारच्या काही सामन्यांसाठी ॲमेझॉन. एवढं करूनही शनिवारी तीनचा सामना दिसत नव्हताच. आणि वाहिनीच्या सोयीसाठी वेळा अशा फिरवलेल्या की न्यूकॅसलच्या माणसाने सोमवारी रात्री लंडनला सामना पाहायचा आणि परतीची शेवटची गाडी चुकवायची.

लोक मग मागच्या दाराने शिरतात. टीव्हीच्या मागे खुपसायची एक छोटी काडी मिळते आणि महिन्याला दहा पौंडांत सगळे सामने दिसतात, तीन वाजताचेही, कारण ते परदेशी प्रक्षेपणातून उचललेले असतात. मे २०२३ मध्ये प्रीमियर लीगने केलेल्या खटल्यात असा धंदा चालवणाऱ्या पाच जणांना मिळून तीस वर्षांहून जास्त तुरुंगवास झाला. त्यांचे पन्नास हजारांवर ग्राहक होते. चोरी ती चोरीच, तिचं समर्थन मी करणार नाही. पण हे पन्नास हजार लोक फुटबॉलला कंटाळलेले नव्हते. अधिकृत मोजणीत ते घसरणीच्या रकान्यात पडले, इतकंच.

कंटाळा की कुंपण, याचा निवाडा करायला १९८५ सारखाच दुसरा प्रयोग करोनाने घडवून आणला. जून २०२० मध्ये रिकाम्या मैदानांवर साखळी पुन्हा सुरू झाली. क्लबांच्या जुन्या मालकांना ज्याची धास्ती होती ते रिकामं मैदान शेवटी साथीच्या रोगामुळे आलं. तीन वाजताची बंदी उठवली गेली आणि काही सामने मोफत वाहिन्यांवर दाखवले गेले. २१ जूनला एव्हर्टन–लिव्हरपूल हा ०-० सुटलेला, फारसा रंगलाही नाही असा सामना स्कायच्या मोफत वाहिनीसह दाखवला गेला आणि त्याला ५५ लाखांपर्यंत प्रेक्षक मिळाले. प्रीमियर लीगसाठी तो तेव्हाचा उच्चांक होता. त्याआधीचा उच्चांक २०१२ मधल्या मँचेस्टर सिटी–मँचेस्टर युनायटेड सामन्याचा, सुमारे ४० लाखांचा. विजेतेपद ठरवणाऱ्या लढतीपेक्षा एका कोरड्या बरोबरीला जास्त माणसं मिळाली. लोक घरात अडकले होते हे खरं. पण आदल्या दिवशी बीबीसीने दाखवलेल्या बोर्नमथ–क्रिस्टल पॅलेस या सामन्यालाही ४० लाखांच्या जवळपास प्रेक्षक होते, आणि या दोन क्लबांच्या लढतीसाठी एरवी देशभरातून कुणी टीव्ही लावला नसता.

यातून शहाणपण येण्याऐवजी ऑक्टोबर २०२० मध्ये प्रीमियर लीगने वर्गणीबाहेरच्या प्रत्येक सामन्याला १४.९५ पौंड आकारायला सुरुवात केली. लोकांच्या नोकऱ्या जात होत्या तेव्हाची ही गोष्ट. न्यूकॅसलच्या समर्थकांनी ते पैसे न भरता गावातल्या अन्नवाटप केंद्राला दिले. एका सामन्याच्या निमित्ताने वीस हजार पौंडांच्या आसपास रक्कम जमली. इतर क्लबांच्या समर्थकांनीही तोच मार्ग धरला आणि महिन्याभरात ती योजना गुंडाळावी लागली. घरी बसणारा माणूस क्लबावर आणि गावावर किती प्रेम करतो याचा एवढा लख्ख पुरावा शंभर वर्षांत मिळाला नव्हता.

आता मुलांविषयी. त्यांचं लक्ष टिकत नाही, हे मला पूर्ण पटत नाही. आज वीस वर्षांचा असलेला इंग्लिश मुलगा जन्मल्यापासून साखळीचा थेट सामना म्हणजे पैसे भरून पाहायची वस्तू, हेच बघत आला आहे. आईबापांनी वर्गणी घेतली नसेल तर त्याच्या बालपणात शनिवार-रविवारचा सामना नव्हताच. त्याला फुकट जे मिळालं त्यावर तो वाढला: यूट्यूबवरचे दोन-तीन मिनिटांचे तुकडे, फोनवरचे गोल, खेळाडूंचे व्हिडिओ गेम. यूट्यूबवरचा मार्क गोल्डब्रिजसारखा माणूस सामना पाहताना स्वतःचा चेहरा कॅमेऱ्यासमोर ठेवतो. सामन्याचं चित्र दाखवायचा हक्क त्याच्याकडे नाही, तरी हजारो तरुण त्याच्या चेहऱ्यावरून सामना वाचत तासन्‌तास बसतात. ज्यांचं लक्ष टिकत नाही ते असं बसतील का? जर्मनीच्या बुंडेसलिगाने हे ओळखलं आणि २०२५-२६ च्या हंगामात ब्रिटनमध्ये आपले काही सामने अशाच यूट्यूब वाहिन्यांना मोफत दाखवायला दिले. महिलांच्या फुटबॉलनेही तेच दाखवून दिलं: २०२२ च्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना बीबीसीवर होता आणि तो १ कोटी ७४ लाख लोकांनी पाहिला.

घसरणीच्या आकड्यात मोजणीचा दोषही आहे. १९९२ मध्ये स्काय हंगामाला ६० सामने दाखवत होती. २०२५ मध्ये सुरू झालेल्या चार वर्षांच्या, ६७० कोटी पौंडांच्या करारात स्काय दर हंगामाला किमान २१५ आणि टीएनटी ५२ सामने दाखवते. माल चौपट झाला की प्रत्येक सामन्यामागचा प्रेक्षक पातळ होणारच. पूर्वी रविवारी चारचा सामना एकच असायचा, म्हणून सगळे तोच पाहायचे आणि सोमवारी कारखान्यात, शाळेत त्यावरच बोलायचे. ती एकत्र पाहण्याची सवय गेली, हे नुकसान मला प्रेक्षकसंख्येच्या नुकसानीहून मोठं वाटतं.

या व्यवहाराशी आपलाही संबंध आहे. २०२२ पासूनच्या तीन वर्षांत प्रीमियर लीगला परदेशी हक्कांतून मिळालेला पैसा पहिल्यांदाच ब्रिटनमधल्या हक्कांपेक्षा जास्त झाला. त्यात अमेरिका आहे, आग्नेय आशिया आणि आखात आहे, आणि आपणही आहोत. गोव्यातल्या किंवा मुंबईतल्या लिव्हरपूलच्या चाहत्याला ३८ च्या ३८ सामने थेट पाहता येतात ते लिव्हरपूलच्या माणसापेक्षा कमी खर्चात. त्यामुळे मायदेशी प्रेक्षक घटला तरी प्रीमियर लीगच्या तिजोरीला लगेच झळ लागत नाही, आणि झळ लागत नाही तोवर कुणी जागं होत नाही.

छोट्या क्लबांचं संरक्षण हवंच. बॉब लॉर्ड यांची चिंता आजही खरी आहे आणि शनिवारी तीनला रॉचडेलच्या मैदानावर माणूस गेला पाहिजे. पण त्यासाठी बाकीचा आठवडा कुलूपबंद ठेवायची गरज नाही. सध्याचा करार २०२९ मध्ये संपतो. ३८० पैकी २६७ सामने विकले जातात; त्यातला आठवड्याला एक, ठरलेल्या वेळी, बीबीसी किंवा आयटीव्हीवर मोफत दाखवला तर वाहिन्यांचं फारसं बिघडणार नाही आणि घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला बापाच्या शेजारी बसून पूर्ण सामना पाहता येईल. इंग्लंडच्या समर्थक संघटनांनी ही मागणी पुढच्या लिलावाच्या आधी, आत्तापासून लावून धरली पाहिजे.